फियाट खोलण्याआधी: जुन्या गाडीचं मूळपण कसं राखायचं

जुन्या गाडीचं मूळपण सगळ्यात जास्त हरवतं ते गाडी खोलायच्या पहिल्या आठवड्यात. फियाट ११०० किंवा पद्मिनी हाती आली की पहिला स्क्रू काढण्याआधी तीनशेएक फोटो काढा. वायरिंग कुठून वळलंय, क्लिपा कुठे आहेत, कोणत्या बोल्टचं डोकं कुठल्या बाजूला आहे, सगळं टिपा. प्रत्येक दाराची फट तीन ठिकाणी मोजून लिहून ठेवा. नटबोल्ट जागेनुसार वेगळ्या पिशवीत ठेवा, आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाका. पेनची शाई तेलाडिझेलने पसरते.

सांगलीतली गाडी असेल तर २००५, २०१९ किंवा २०२१ च्या पुरात ती होती का, हे आधी विचारा. कृष्णेचा गाळ दाराखालच्या बंद पट्टीत, म्हणजे सिलमध्ये बसतो. पाणी निघायची भोकं त्याने बुजतात, ओल धरून राहते आणि पत्रा आतून सडतो. बाहेरून रंग चांगला दिसतो, म्हणून फसायला होतं. भोकं मोकळी करा, साध्या पाइपाने कमी दाबाचं पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडा, गाडी पूर्ण वाळवा आणि मगच आत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण, मारा. साताऱ्याकडे जावळी-महाबळेश्वरच्या पावसात उभी राहिलेली गाडी असेल तर डिकीचा तळ आणि काचांच्या रबराखालचा पत्रा आधी बघा.

या गाड्यांना वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. त्यामुळे दारांच्या चौकटीत आडवा लोखंडी आधार वेल्ड केल्याशिवाय सिल कापू नका. नाहीतर बॉडी मधे बसते आणि नंतर दारं लागत नाहीत. सडलेला तेवढाच भाग कापा. ठिगळासाठी त्याच जाडीचा सीआरसीए, म्हणजे मुलामा नसलेला साधा पोलादी पत्रा घ्या. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरचं जस्त वेल्डिंगच्या उष्णतेने जळून वाफ होतं आणि जोडात छिद्रं पडतात. एमआयजी वेल्डिंगने इंच-इंच अंतरावर टाके मारा, एका टोकाला मारला की पुढचा दुसऱ्या टोकाला. सलग ओढलं तर पत्रा तापून लाटा धरतो, मग त्यावर पुट्टीचे थर चढतात. बोनेट आणि टपाला सँडब्लास्टिंग नको, त्यानेही पातळ पत्रा वाकतो.

मूळ रंग डॅशबोर्डखाली, मागच्या सीटमागे किंवा डिकीच्या रबराखाली सापडतो. तिथे नाण्याएवढी जागा ८००, मग १५०० च्या पाण्याच्या पेपरने घासा, थर वर्तुळासारखे उघडतात. पॉलिश करूनच शेड जुळवा, कारण ऊन लागलेला रंग फिका झालेला असतो. सिंगल-स्टेज, म्हणजे रंग आणि चकाकी एकाच थरात असलेला रंग मागा. वरून मारलेल्या पारदर्शक थराची, म्हणजे क्लिअरकोटची काचेसारखी चकाकी या गाडीवर परकी दिसते. रंग शाबूत असेल तर नव्याने मारूच नका, नुसतं पॉलिश करा. असा कारखान्याचा रंग पुन्हा मिळत नाही.

स्टीलचे बंपर पुन्हा क्रोम करता येतात. जस्ताच्या ओतीव बॅजवर मात्र बफिंगने अक्षरं झिजतात, ते बॅज नुसते धुऊन परत लावा.

१०८९ सीसीच्या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, झिजून संपला तर लेथवाल्याकडून आत नवी नळी (स्लीव्ह) घाला, ब्लॉक बदलू नका. इंजिन आणि चासी नंबर पंच केलेल्या जागी ग्राइंडर अजिबात लावू नका, त्या नंबरांच्या पट्टीचे रिव्हेटही काढू नका. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नसलेली गाडीच व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे. अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही, तेव्हा व्हिंटेज नोंदणी करण्याआधी नीट विचार करा.

ब्रेकची रबरं, होज आणि पेट्रोलचे पाइप नवेच घाला, इथे मूळपणाचा हट्ट धरू नका. हेडलाइटला रिले किंवा सीटबेल्ट हवे असतील तर जुन्या भोकांतच बसवा. स्टिअरिंगवरचा गिअर काढून खाली आणू नका, त्यासाठी तळ कापावा लागतो. काढलेला प्रत्येक भाग तारखेची चिठ्ठी लावून गाडीबरोबरच एका पेटीत ठेवा. गाडी विकली तर पेटीही तिच्याबरोबर द्या.