बोट अडकतंय? दवाखान्यात जाण्याआधी घरीच हाताची नोंद अशी करा

ट्रिगर फिंगरमध्ये सकाळी उठल्यावर बोट वळलेलंच राहतं आणि सरळ करायला गेलं की खट्‌कन सुटतं. पण संध्याकाळी डॉक्टरांसमोर बसल्यावर तेच बोट अगदी सुरळीत चालतं. ठाण्यात संध्याकाळच्या ओपीडीत नंबर लावून बसणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. म्हणून चार-पाच दिवसांची घरची नोंद सोबत न्या.

बोट मिटवणारी कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तळहातात, बोटाच्या मुळाशी, एका अरुंद पट्ट्याखालून सरकते. पट्टा जाड झाला किंवा कंडरेवर गाठ आली की ती तिथे अडते. दुखतं मात्र बरेचदा बोटाच्या मधल्या सांध्यात, त्यामुळे माणसं तिथेच मलम चोळत बसतात.

१. सकाळी दहा मुठी. गरम पाण्यात हात घालण्याआधी सावकाश पूर्ण मूठ मिटा, पूर्ण उघडा. असं दहा वेळा करा. कोणतं बोट किती वेळा अडकलं ते लिहा: ‘उजवी अनामिका, दहापैकी सहा’. खटका आपोआप सुटतो, दुसऱ्या हाताने सोडवावा लागतो की बोट सरळ होतच नाही? आजार किती पुढे गेलाय ते यावरूनच ठरतं. अडकलेलं बोट हिसका देऊन ओढू नका. घरच्या कुणाला तरी बाजूने मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा.

२. मुळाशी दाबून पाहा. अनामिका आणि करंगळीसाठी तळहातावरची बोटांच्या सर्वांत जवळची आडवी रेषा, तर्जनीसाठी तिच्याखालची, मधल्या बोटासाठी दोन्हींच्या मध्ये. अंगठ्याचं दुखणं त्याच्या मुळाच्या घडीत असतं. तिथे दुखतं का, बोट हलवताना छोटी गाठ सरकते का, ते पाहा.

३. बोट कुठवर पोहोचतं. मूठ मिटल्यावर बोटाचं टोक तळहाताला टेकत नसेल तर मधलं अंतर पट्टीने मोजा. दोन्ही हातांचं.

४. रोजची कामं. मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही पायरी, आणि नेमकी हीच राहून जाते. आपण रोज करतो अशी पाच-सहा कामं निवडा: पोळी लाटणं, कपडे पिळणं, बरणीचं झाकण उघडणं, ब्लाउजचे हुक लावणं, जांभळी नाक्यावरून भाजीची पिशवी घरी आणणं, लोकलमध्ये वरची कडी धरणं. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण द्या. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, दहा म्हणजे जमतच नाही. ‘होतं की सगळं’ असं सांगणारी बाई कित्येकदा लाटणं डाव्या हाताच्या जोरावर फिरवत असते, पिळायचे कपडे मुलाकडे देत असते. म्हणून प्रत्येक कामापुढे ‘कोण करतं, कोणत्या हाताने’ हेही लिहा आणि ते घरच्यांना विचारून लिहा.

दवाखान्यात थेरपिस्ट हेच जास्त काटेकोरपणे करतात. हाताच्या त्रासाबद्दल डॅश नावाची ३० प्रश्नांची प्रश्नावली असते, तिची छोटी आवृत्ती ११ प्रश्नांची. पकडीची ताकद डायनॅमोमीटरने मोजतात: कोपर काटकोनात, तीनदा दाबायचं आणि सरासरी काढायची. घरी जोर लावून ताकद आजमावू नका.

मधुमेह असेल तर आधी सांगा. या रुग्णांत ट्रिगर फिंगर जास्त दिसतो आणि त्यावर देतात त्या स्टेरॉइडच्या इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढते. रात्री बोटांना मुंग्या येत असतील तर तेही सांगा, कारण मनगटात नस दबल्याचं ते लक्षण असू शकतं. आणि पूर्ण बोट सुजून लाल, गरम झालं असेल, जरा सरळ करताच असह्य दुखत असेल, तर नोंदी बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तो जंतुसंसर्ग असू शकतो.

बोटाला आधाराची पट्टी (स्प्लिंट) किंवा इंजेक्शन सुरू झाल्यावर साधारण सहा आठवड्यांनी हीच तपासणी परत करा: सकाळचीच वेळ, त्याच दहा मुठी, कामांची तीच यादी. पहिला कागद जपून ठेवा, दोन्ही शेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवता येतील.