जुनी मोठ्या बोअरची रायफल घ्यायला निघताना

आपल्याकडे रायफलीची किंमत रायफलीवर ठरत नाही, काडतुसांवर ठरते. हे आधी डोक्यात पक्कं करा, मग घराबाहेर पडा. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही सगळी संस्थानी गावं. तिथल्या जुन्या वाड्यांतून .३७५, .४०४, .४२३ अशा बोअरच्या (म्हणजे नळीच्या आतल्या मापाच्या, इंचांत) रायफली अजूनही निघतात आणि एखाद्या बऱ्या विलायती पिस्तुलाच्या मानाने फारच स्वस्तात निघतात. कारण उघड आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे दिवस संपले. ऐंशीच्या दशकात खासगी आयातही थांबली. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येऊ लागली. तिसरं द्यायची वेळ आली की लोक पिस्तूल ठेवतात आणि आजोबांची बोजड रायफल काढतात. परदेशात लोक सीझेड, झास्तावा, विंचेस्टर मॉडेल ७० या रायफलींत स्वस्त आणि मस्त कोणती यावर वाद घालतात. तो वाद करमणूक म्हणून ऐकावा. आपल्यासमोर येते ती एकच रायफल, आणि ती घ्यायची की सोडायची एवढंच ठरवायचं असतं.

कशासाठी हवी, हे स्वतःला विचारा. चांदोली-कोयनेच्या बाजूला गवे शेतात शिरतात म्हणून मोठी रायफल हवी, असं मनात असेल तर बेत सोडून द्या. गवा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला मारलं तर किमान तीन वर्षं तुरुंग. पंचनामा करून वनखात्याकडे भरपाई मागणे हाच तिथला मार्ग. रानडुकरासाठी वनखात्याची लेखी परवानगी मिळू शकते, पण त्या कामाला गुळगुळीत नळीची बारा बोअर बंदूक पुरते. .३७५ ची चुकलेली गोळी काही किलोमीटर जाऊ शकते, आणि शिराळ्यापासून पाटणपर्यंत कुठल्याही फडापलीकडे कुणाची तरी वस्ती असतेच. राहता राहिलं घराण्याची वस्तू जपणं, जुन्या कारागिरीचा शौक आणि रेंजवरचा नेम. ही कारणं चांगली आहेत, पण कलेक्टर कचेरीत ती नीट मांडावी लागतात. शस्त्र कायद्याचं कलम १३ किमान वीस इंची, आतून गुळगुळीत नळीच्या बंदुकीला बरंच उदार आहे. रायफलीसाठी मात्र सबळ कारण आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते.

कागद रायफलीच्या आधी बघा. तुमच्या परवान्यावर जागा रिकामी आहे का, युआयएन (परवान्याचा ओळख क्रमांक) आहे का, खरेदीची मुदत उलटलेली नाही ना? विकणारा परवानाधारक असेल तर त्याने विक्रीचा इरादा जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबायला हवं. मूळ मालक वारले असतील तर वारसाच्या ताब्याचे कागद पुरे आहेत का ते पाहा. ‘घरातलीच आहे, काय होतंय’ या बोलीवर इसार देऊ नका. नळीवरचा आणि बोल्टवरचा (नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या दांड्यावरचा) नंबर परवान्याशी ताडून घ्या. नंबर घासलेला दिसला तर चहा पिऊन परत या, कारण कलम ८ खाली तो गुन्हा आहे. नळी कापून आखूड केल्याचा संशय आला तरी तेच करा. जुन्या परवान्यांवर बोअर कारकुनाला ऐकू आला तसा लिहिलेला असतो. नळीवर एक आणि कागदावर दुसरा असेल तर दुरुस्ती विकणाऱ्याच्या नावावर असतानाच झाली पाहिजे. एकदा रायफल तुमच्याकडे आली की त्या कारकुनाची चूक तुमची होते.

आता बोअर. इथे घाई करू नका. सन १९०७ च्या सुमारास इंग्रजांनी हिंदुस्थानात .४५० बोअरवर बंदी घातली. लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली बंडखोरांच्या हाती होत्या, त्यांना गोळ्या मिळू नयेत हा हेतू. विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी मग .४६५, .४७० अशी शेजारची मापं पुढे आणली. म्हणून आपल्याकडे ही विचित्र आकड्यांची गर्दी दिसते. आकडा ऐकून काडतूस ठरवायचं नाही. .४०४ जेफरी आणि .४२३ माउझर या दोघांच्या गोळीचा व्यास जवळजवळ सारखाच, पण पहिल्याची पुंगळी (काडतुसाचं पितळी नळकांडं) ७३ मिलिमीटर लांब आणि दुसऱ्याची ६८. विकणारा दोन्हीला ‘चारशेवाली’ म्हणतो. .३७५ मध्येही बोल्ट रायफलीचं, बुडाशी पट्टी असलेलं मॅग्नम काडतूस वेगळं आणि दुनळीचं, बुडाला कड असलेलं वेगळं. नळीवरची अक्षरं भिंगाने वाचा, आणि शंका राहिली तर जाणत्या आर्मररकडून (बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून) चेंबरचा, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेचा, साचा काढून मोजून घ्या.

यातलं मी कोणतं घेईन? .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम. १९१२ पासून ते चालत आलंय, जगभर आजही बनतं, त्यामुळे कुठल्या तरी डीलरकडे कधीतरी येण्याची आशा राहते. .४२३ ची रायफल कितीही देखणी असली तरी मी तिला भिंतीवरच्या फोटोइतकीच किंमत देईन. खरोखर गोळ्या झाडायच्या असतील आणि खिसा बेताचा असेल, तर इशापूरची .३१५ ही कमी रुबाबाची पण शहाणपणाची निवड. रायफल ली-एनफिल्डच्या बांधणीची, .३०३ निषिद्ध बोअर म्हणून हे वेगळं माप, आणि काडतुसं देशातच बनतात. तिला कुणी मोठ्या बोअरची म्हणणार नाही, म्हणू द्या.

पैसे मोजण्याआधी काडतुसं डोळ्यांनी बघा. पुणे-कोल्हापूरच्या डीलरांना फोन करून नेमकं माप सांगा, हातात किती आहेत आणि भाव काय ते विचारा. रायफलीसोबत कायनॉक या विलायती कंपनीच्या काडतुसांचा जुना डबा मिळतोय म्हणून हुरळू नका. त्यातल्या जुनाट कॉर्डाइटवर (काडतुसातल्या जुन्या काळच्या दारूवर) भरवसा नाही. तसलं काडतूस फुटलं नाही तर नळी निशाणाकडेच धरून निदान अर्धा मिनिट थांबावं, बोल्ट लगेच उघडू नये. ‘घरी भरून देतो’ म्हणणारा भेटेलच. त्याच्याकडे काडतूस बनवायचा परवाना नसेल तर त्याच्यासोबत तुम्हीही अडकाल.

बघायला जाताना टॉर्च, साफ करायची सळई, पांढऱ्या सुती कापडाचे तुकडे, व्हर्नियर आणि डमी काडतुसं घ्या. आधी रायफल रिकामी असल्याची स्वतः खात्री करा. नळी तेलाने चमकत असेल तर ते तेल पुसून मगच आत पाहा. काडतुसाच्या बुडातल्या जुन्या क्षारयुक्त कॅप्समुळे (दारू पेटवणाऱ्या टोप्यांमुळे) पडलेले खड्डे तेलाखाली लपतात. चेंबरच्या पुढचा भाग खास बघा, कॉर्डाइटची आग तिथेच झिजवते. नळीच्या तोंडाशी आटे (आतल्या वळणदार खाचा) गोल आणि धारदार हवेत. बोल्ट डमीवर बंद होताना अडखळू नये, सेफ्टी लावून चाप ओढला आणि मग सेफ्टी काढली तर घोडा पडता कामा नये.

आणि सांगलीत एक गोष्ट हटकून: दस्ता उतरवायला लावा. २००५, २०१९, २०२१, कृष्णेचं पाणी किती घरांत कुठवर चढलं ते सगळ्यांना माहीत आहे. पुरात भिजलेली रायफल वरून पुसून, लोखंडाला नवा निळा मुलामा देऊन आणली जाते, पण लाकडाखाली लोखंडावर गंजाची रेघ राहते. स्क्रूच्या भोकांत गाळ असतो, लाकूड फुगून परत आकसलेलं असतं. विकणारा स्क्रू खोलायला नको म्हणाला तर उत्तर मिळालं. लाकडाला नळीच्या मागे, मुठीपाशी, बारीक चीर आहे का तेही तेव्हाच बघा. मोठ्या बोअरचा धक्का तिथेच बसतो.

दुनळी असेल तर पुढचं लाकूड काढून सांधा हलतो का बघा, नळ्या सुट्ट्या टांगून टिचकी मारा. स्वच्छ नाद आला तर मधली पट्टी शाबूत, बदबद आवाज आला तर झाळ सुटलेली. दुनळी एका ठराविक काडतुसासाठी जुळवलेली असते. ते काडतूस नसेल तर दोन्ही गोळ्या दोन दिशांना जातात, म्हणून दुनळीत काटकसर शोधू नका.

खांद्याला लावून बघा. डोळे मिटून लावली आणि उघडल्यावर पुढची माशी (नेमाचं टोक) मागच्या खाचेत दिसली तर दस्ता तुमच्या मापाचा. शक्य असेल तर परवानगी असलेल्या रेंजवर विकणाऱ्यासमक्ष दोन-तीन बार काढा आणि पुंगळ्या तपासा. बुडाच्या वर चमकदार गोल रेघ किंवा तडा दिसला तर हेडस्पेस (बोल्ट आणि काडतुसाचं बूड यांतली मोकळी जागा) बिघडलेला, सौदा मोडा.

किमतीत भिंतीला बोल्ट केलेली लोखंडी पेटी, काडतुसांना वेगळं कुलूप आणि आर्मररचं काम धरा. वर्षभराचं तेलही धरा, कारण निवडणूक लागली की रायफल पोलीस ठाण्यात जमा करायचा हुकूम येऊ शकतो, आणि पावसाळ्यात तिथे तिच्याकडे कोण बघणार? जमा करताना नळीला आतून जाड तेलाचा हात द्या आणि ती कोरड्या कापडी पिशवीतून द्या. रेक्झिनच्या पेटीत ओल धरते. पावतीवर नंबर, बोअर, पट्टा आणि दुर्बीण असेल तर तिचीही नोंद करून घ्या.