साइट पडली की आपल्याला आधी कळावं: बॅश, कर्ल आणि क्रॉनचा पहारा

साइट चालू आहे का ते दर काही मिनिटांनी तपासणारी स्क्रिप्ट लिहायची आहे: बॅश म्हणजे लिनक्सची कमांड-भाषा, कर्ल ही वेबपान मागवणारी कमांड, क्रॉन ठरलेल्या वेळी स्क्रिप्ट चालवतो. तपासायला पिंगवर (यंत्र हाकेला ओ देतं का ते पाहणारी कमांड) विसंबू नका. पिंगला उत्तर देतो तो कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. वेब सर्व्हर एन्जिनएक्स बंद असो की डिस्क गच्च भरलेली, पिंग मजेत चालू राहतो. उलटंही होतं: एडब्ल्यूएसच्या (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडच्या) ईसी२ सर्व्हरवर सिक्युरिटी ग्रुपमध्ये (तिथल्या फायरवॉलमध्ये) आयसीएमपी (पिंगचा प्रोटोकॉल) उघडलं नसेल, तर साइट ठणठणीत असूनही पिंग मुका. साइट उघडणारा माणूस पान मागतो, तेच स्क्रिप्टनेही मागावं.

स्क्रिप्ट त्याच सर्व्हरवर ठेवू नका. तो पडला की पहारेकरीही पडला. दुसरा स्वस्त व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) किंवा घरातला रास्पबेरी पाय (छोटा संगणक) चालेल. पण घरची लाइट जाते, राउटर उशिरा उठतो आणि सगळ्या साइट एकदम 'बंद' दिसतात. म्हणून सुरुवातीलाच १.१.१.१ किंवा ८.८.८.८ (क्लाउडफ्लेअर आणि गूगलचे सार्वजनिक सर्व्हर) गाठता येतं का ते पाहायचं. नाही आलं तर दोष आपल्या नेटचा. काही न मोजता बाहेर पडायचं.

कर्लला सायलेंट, आउटपुट (पान एका तात्पुरत्या फाइलीत), राइट-आउट (एचटीटीपी कोड छापायला), कनेक्ट-टाइमआउट ५ आणि मॅक्स-टाइम १५ हे पर्याय द्या. शेवटचा विसरलात तर महागात पडतं, कारण कर्लला एकूण वेळेची मर्यादा मुळात नसते. सर्व्हर जोडणी घेऊन गप्प बसला की कर्लही बसून राहतो आणि क्रॉन दर पाच मिनिटांनी नवा कर्ल सोडत जातो. क्रॉनच्या ओळीत स्क्रिप्टआधी 'एफलॉक' (कुलूप लावून एका वेळी एकच फेरी चालू देणारी कमांड) नॉन-ब्लॉक पर्यायासह लावलात की जुनी फेरी चालू असताना नवी सुरू होत नाही. फक्त हेडर मागून काम हलकं करायचा मोह टाळा; काही अ‍ॅप त्याला ४०५ ('ही पद्धत चालत नाही') देतात.

कोड ००० आला म्हणजे उत्तर आलंच नाही. मग कर्लचा एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा) बघा: ६ म्हणजे डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून पत्ता देणाऱ्या यंत्रणेत) नाव सापडलं नाही, ७ म्हणजे जोडणी झाली नाही (बहुधा त्या पोर्टवर कोणी ऐकतच नाही), २८ म्हणजे वेळ संपली, ६० म्हणजे सर्टिफिकेट पटलं नाही. हा आकडा मेसेजमध्ये टाकाच; रात्री दोन वाजता कुठे हात घालायचा ते त्यावरून कळतं. मात्र तो कर्लच्या लगेच पुढच्या ओळीत व्हेरिएबलमध्ये साठवा. मध्ये एक साधा एको (मजकूर छापणारी कमांड) आला तरी तो पुसला जातो. फंक्शनमध्ये 'लोकल' (फंक्शनपुरतं व्हेरिएबल जाहीर करणारी कमांड) आणि कर्ल एकाच ओळीत लिहिलंत तर हाती कायम ० येतो, कारण तो 'लोकल'चा निकाल असतो. लोकल वर, कर्ल खाली.

२०० ('सगळं ठीक' हा एचटीटीपी कोड) आला म्हणूनही निर्धास्त होऊ नका. मूळ सर्व्हर मेलेला असताना सीडीएन (पानांच्या प्रती साठवून वाटणारं सर्व्हरचं जाळं) साठवलेलं पान खुशाल २०० म्हणून देतं. अ‍ॅपमध्ये एक वेगळा पत्ता ठेवा, तिथे डेटाबेसवर छोटी क्वेरी चालवा, जमली तरच ठरलेला शब्द छापा आणि कॅशला नो-स्टोअर ('साठवू नको') सांगा. तो शब्द कर्लच्या तात्पुरत्या फाइलीत ग्रेपने (मजकूर शोधणारी कमांड) शोधा.

खरी मेहनत मेसेजच्या बाबतीत. एकेका चुकलेल्या फेरीला फोन वाजला तर आठवड्यात 'लांडगा आला रे' होतं आणि ग्रुप म्यूट. प्रत्येक साइटसाठी एक फाइल, तिच्यात सलग अपयशांचा आकडा. आकडा ३ झाला त्याच क्षणी एक मेसेज. ४, ५, ६ ला गप्प. यश आलं की आधी जुना आकडा वाचा. तो ३ किंवा जास्त असेल तर 'पुन्हा चालू' पाठवा, मगच शून्य लिहा. तिसऱ्या अपयशाचा मेसेज गेलाच नाही तर आकडा २ वरच ठेवा, पुढच्या फेरीत आपोआप पुन्हा प्रयत्न होईल. फाइल टेंप फोल्डरमध्ये नको, रीबूटमध्ये उडू शकते. पाच मिनिटांच्या फेरीत तिसरं अपयश पहिल्यानंतर दहा मिनिटांनी येतं; तेवढं परवडत नसेल तर फेरी दर मिनिटाला करा.

मेसेजला टेलिग्रामचा बॉट सोपा. टोकन (बॉटची किल्ली) बॉटफादर हा टेलिग्रामचाच बॉट देतो, पण बॉट स्वतःहून बोलायला सुरुवात करू शकत नाही. आधी तुम्ही त्याला काहीतरी लिहा. टोकन वेगळ्या फाइलीत, परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी).

स्क्रिप्ट हाताने चालते आणि क्रॉनमध्ये नाही? क्रॉनचा पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) तोकडा असतो. कमांडचे पूर्ण पत्ते लिहा. क्रॉनटॅबमधलं (क्रॉनच्या कामांच्या यादीतलं) टक्क्याचं चिन्ह नवी ओळ ठरतं, म्हणून तारखेचा फॉरमॅट स्क्रिप्टच्या आत ठेवा. लॉगमधली वेळ साडेपाच तास मागे दिसली तर मशीन यूटीसीवर आहे, बिघाड नाही. विंडोजवर लिहिलेली फाइल 'बॅड इंटरप्रिटर' म्हणाली तर डॉसटूयुनिक्स (ओळींचे शेवट लिनक्ससारखे करणारी कमांड) चालवा.

सर्टिफिकेटची तपासणी दिवसातून एकदा पुरे: ओपनएसएसएलच्या चेकएंडला (इतक्या वेळात मुदत संपतेय का ते सांगणारा पर्याय) १२०९६०० सेकंद, म्हणजे १४ दिवस द्या. फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टने मुदतीची आठवण करणारे मेल जून २०२५ पासून बंद केलेत.

पहारेकऱ्यावरही पहारा हवा. स्क्रिप्टच्या शेवटी हेल्थचेक्स डॉट आयओसारख्या सेवेला एक हाक मारा. हाक थांबली की ती सेवा तुम्हाला कळवते.

आता मुद्दाम पाडून बघा. एन्जिनएक्स थांबवा: ७ यायला हवा. मग तो चालू करून फायरवॉलमध्ये ४४३ वर (एचटीटीपीएसचं पोर्ट) ड्रॉप (उत्तर न देता टाकून देणारा नियम) लावा: २८ यायला हवा. फक्त २२ ला (एसएसएचने सर्व्हरमध्ये शिरायचं पोर्ट) हात लावू नका, नाहीतर तो ड्रॉप काढायला आत जाता येणार नाही.