इंग्रजीत 'पर्यंत' लिहायचंय? 'बाय' की 'टिल' ते आधी ठरवा

ऐरोली-महापेच्या ऑफिसांतून जाणाऱ्या मेलमध्ये हे वाक्य हमखास सापडतं: 'आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे'. म्हणजे शुक्रवार उजाडेपर्यंत रिपोर्ट पाठवतच राहणार! मराठीत एकच 'पर्यंत' दोन्हीकडे चालतो, घोळ तिथेच.

क्रियापद बघा.

१. एकदाच उरकणारं काम (पाठवणं, भरणं, पोचणं): बाय. सातपर्यंत ठाण्याला पोचतो, 'बाय सेव्हन'.
२. चालूच राहणारं (थांबणं, रजेवर असणं): टिल. सातपर्यंत ठाणे स्टेशनवर थांबतो, 'टिल सेव्हन'.

नकार आला की मात्र पोचण्यालाही टिल चालतं: 'आय वोन्ट रीच टिल सेव्हन', सातच्या आधी पोचणार नाही.

आणि नुसतं 'बाय फ्रायडे' लिहू नका. कोणी सकाळ धरतं, कोणी रात्रीचे बारा. 'बाय फाइव्ह पीएम ऑन फ्रायडे' लिहा.