कपातली कृती ग्रॅममध्ये कशी आणावी

दिवाळीआधी नानकटाई भाजून आणायला बेकरीत गेलं, की भट्टीवाला सामान किलोतच सांगतो. कपाची भानगडच नाही. केकच्या कृतीत मात्र सगळं कपात, आणि वर कुणीतरी ठोकून दिलेलं असतं, 'कप म्हणजे २०० ग्रॅम.' त्या हिशेबाने मैदा घातलात तर केक नाही, बट्टी होईल.

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या. भांडं ठेवायचं, शून्य करायचं, जिन्नस टाकायचा.

आधी कृतीतला कप कोणता ते ओळखा. अमेरिकन कप साधारण २४० मिली, ऑस्ट्रेलियन २५०. बटरचं वजन कुठे दिलं असेल तर ते पाहा: अर्ध्या कपाला ११३ ग्रॅम असेल तर कप अमेरिकन, १२५ असेल तर २५० मिलीचा. आपला कप तपासायला तो काट्यावर ठेवून काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिली.

अमेरिकन कपाचे सोपे आकडे असे: दूध २४५ ग्रॅम, तेल २१८, मध ३४०, दाणेदार साखर २००. पिठीसाखर मात्र १२०च. साखरेच्या जागी पिठीसाखर 'कपाला कप' घाला म्हणणाऱ्याचं ऐकू नका, गोडी जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी होते.

आता मैदा. इथेच खरी गोची आहे, मलाही याच पायरीने सगळ्यात जास्त छळलं. मैदा दाबला तर दबतो, चाळला तर फुलतो. चमच्याने हलकेच कपात भरून सुरीने वरून सपाट केला तर १२० ते १२५ ग्रॅम. तोच कप डब्यात खुपसून भरून काढला तर १४० ते १५०, आणि वर ठोकलात तर आणखी. तीन कपांच्या कृतीत हा फरक ९० ग्रॅमपर्यंत जातो. मग केक कोरडा झाला की ओव्हनला शिव्या.

म्हणून तक्त्यातला आकडा डोळे मिटून उचलू नका. कृती लिहिणाऱ्याने कप कसा भरला ते शोधा. व्हिडिओ असेल तर त्याचा हात बघा: कप डब्यात बुडवला की १४५ धरा. नुसती लिखित अमेरिकन कृती असेल आणि काहीच सांगितलं नसेल तर मी १२५ धरते. पीठ घट्ट वाटलं तर सैल करायला दूध आहे, हे खरं. पण केकच्या पिठात मागून दूध ओतून ढवळत बसलं की तो चिवट होतो. त्यापेक्षा मैदा कमीच धरलेला बरा.

शब्दांचा क्रमही नीट वाचा. '१ कप मैदा, चाळून' म्हणजे आधी मोजा, मग चाळा. '१ कप चाळलेला मैदा' म्हणजे आधी चाळा. तो कप ११५ ग्रॅमच्या आसपासच भरतो.

मैद्याऐवजी कणीक किंवा दादरचं, म्हणजे ज्वारीचं, पीठ वापरणार असाल तर कपाचा नाद पूर्ण सोडा. प्रत्येक गिरणीचं दळण वेगळं, कुणाचं बारीक, कुणाचं रवाळ. मैद्याचे ग्रॅम काढा आणि त्यातले जितके बदलायचे तितकेच ग्रॅम दुसरं पीठ घ्या. ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे पीठ धरून ठेवणारा गव्हातला चिकटपणा, नसतं, तेव्हा पहिल्या वेळी पाव हिश्श्यापुढे जाऊ नका.

बेकिंग पावडर आणि सोडा ग्रॅममध्ये आणू नका. घरगुती काटा दोन-तीन ग्रॅमला भरवशाचा नसतो. ५ मिलीचा चमचा सपाट भरा, झालं.

केळ्यांचा केक करताना 'तीन केळी' हे माप आपल्या जळगाव जिल्ह्यात तरी निरुपयोगी आहे. एकाच फणीतली केळी सारखी नसतात. अमेरिकन हिशेबात मध्यम केळं सालीशिवाय ११८ ग्रॅमचं, म्हणजे तिनांचे ३५० ग्रॅम. साल काढून, कुस्करून तोला. अंड्याचंही तसंच: तिकडचं मोठं अंडं कवचाशिवाय ५० ग्रॅम, आपलं बहुधा लहान भरतं. कृतीत चार अंडी असतील तर फोडून तोला. २०० ग्रॅमला कमी पडलं तर पाचवं फेटून त्यातलं लागेल तेवढंच घाला.