जुन्या गाडीचा इतिहास कसा शोधायचा : आपल्या बडोद्याची फ्रंटियर मेल
बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्यातली जुनी मराठी मंडळी मुंबई-अमृतसर गाडीला अजून फ्रंटियरच म्हणतात, गोल्डन टेंपल मेल हे तिचं आजचं नाव त्यांच्या तोंडी बसलंच नाही, आणि ही माणसं आहेत तोवर या गाडीचा इतिहास कुणीतरी नीट लिहून ठेवायला हवा असं मला मनापासून वाटतं. तुम्हाला लिहायचा असेल तर असं करा.

आधी गाडी कुठल्या कंपनीची होती ते बघा, कारण पश्चिम रेल्वे झाली ५ नोव्हेंबर १९५१ ला, त्याआधीचे सगळे कागद कंपनीच्या नावाने सापडतात. फ्रंटियर ही बीबीसीआयची म्हणजे बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची, १ सप्टेंबर १९२८ ला सुरू झालेली, मुंबईहून बडोदा, रतलाम, कोटा, मथुरा, दिल्ली, लाहोर करत थेट पेशावर. ग्वाल्हेरचे लोक सांगतात की पेशावरची गाडी तर आमच्याकडून जायची, तेही खरंय, पण ती पंजाब मेल, जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीची, १९१२ ची, इटारसी-आग्रा मार्गाची. नेटवर या दोघींची फार सरमिसळ झालेली आहे म्हणून कुठलाही किस्सा वाचला की आधी मार्ग बघा, रतलाम-कोटा असेल तर आपली.

मग स्टेशनांच्या तारखा लावून बघा, माझ्या मते सगळ्यात भरवशाची पद्धत हीच. बॉम्बे सेंट्रल उघडलं डिसेंबर १९३० मध्ये, त्यामुळे १९२८ ला गाडी तिथून सुटली असं कुणी लिहिलं असेल तर ते सरळ खोडा, तेव्हा बीबीसीआयचं टर्मिनस कुलाब्याला होतं आणि विलायतेची डाक घेऊन बोट यायची तेव्हा गाडी बंदरावरच्या बॅलार्ड पिअरहून सुटायची. फाळणीनंतर गाडी अमृतसरपर्यंतच राहिली, नाव बदललं सप्टेंबर १९९६ मध्ये, म्हणजे शोधताना दोन्ही नावं टाकायची आणि वडोदरा न टाकता बरोडा टाकायचं, स्टेशनचा कोड आजही बीआरसीच आहे.

नंबरही वाचायला शिका. आजचा १२९०३, त्यातला ९ पश्चिम रेल्वेचा आणि सुरुवातीचा १ डिसेंबर २०१० मध्ये सगळ्या लांबच्या गाड्यांना लागला, त्याआधीच्या तिकिटावर २९०३ दिसेल, गाडी तीच.

जुनी टाईमटेबलं आणि पेपर यासाठी मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत, सयाजीरावांनी १९१० मध्ये सुरू केलेल्या, विचारून बघा, आणि मुंबईला जाणं झालं तर एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदांचं दफ्तर. टाईमटेबल एकच बघून भागत नाही, दोन वेगळ्या दशकांची शेजारी ठेवा, कुठला थांबा वाढला, कुठे गाडी जास्त वेळ उभी राहायची ते बघा, त्यातून बरंच कळतं. १९३४ मध्ये या गाडीला थंड डबा लागला, बर्फाच्या लाद्या ठेवून गार करायचे आणि वाटेतल्या स्टेशनांवर बर्फ परत भरायचे, हे माहीत असलं की लांब थांब्यांकडे आपण वेगळ्या नजरेने बघतो.

आता माणसं. प्रतापनगरच्या रेल्वे ऑफिसात किंवा लोको शेडमध्ये नोकरी केलेले आजोबा ओळखीत असतील तर आधी त्यांच्याकडे जा, पुस्तकं कुठे पळून जात नाहीत. पण त्यांना "कुठल्या साली?" असं विचारू नका, साल कुणाच्या लक्षात राहत नाही. "काका, तेव्हा इंजिन कोळशाचं होतं की डिझेलचं?", "ताईंच्या लग्नाआधी की नंतर?", "जेवण घरून नेलं होतं की रतलामला घेतलं?" असं विचारा, साल आपोआप निघतं. विचारून मगच रेकॉर्डिंग लावा, आणि तिकीट, पास, ड्युटीची वही काही निघालं तर दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मागे पेनाने लिहिलेली तारीख बऱ्याचदा तिथेच सापडते.