लोकजैवविविधता नोंदवही बायकांसोबत कशी भरावी

१९९२च्या आंतरराष्ट्रीय जैवविविधता कराराने प्रस्तावनेतच जैवविविधता जपण्यातल्या बायकांच्या मोलाच्या वाट्याची नोंद घेतली. डिसेंबर २०२२मध्ये ठरलेल्या कुनमिंग-माँट्रियल या जागतिक जैवविविधता आराखड्यातलं २३वं लक्ष्य तर स्त्री-पुरुष समानतेचंच आहे. गावात हे शब्द खरे करायची जागा म्हणजे पंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिची लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या सजीवांची आणि त्यांबद्दलच्या लोकांच्या ज्ञानाची वही.

आधी समिती. भारताच्या जैवविविधता कायद्याच्या २००४च्या नियमांत अध्यक्षांशिवाय सहापर्यंत सदस्य होते आणि त्यांत एक तृतीयांश महिला हव्या होत्या. कायद्याच्या २०२३च्या दुरुस्तीनंतर रचना राज्य ठरवतं. म्हणून नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाचा चालू आदेश ग्रामसेवकांकडून मागून घ्या. किमान आकड्यावर मात्र थांबू नका. दोघीच असल्या आणि एक भातलावणीला गेली, की दुसरी गप्प बसते. रानात जाणाऱ्या, घरचं बियाणं राखणाऱ्या, झाडपाला जाणणाऱ्या बायका निवडा.

बैठक दुपारी पंचायतीत ठेवली तर नोंदी पुरुषांच्याच होतात. संध्याकाळी वाडीवर, पाड्यावर जा आणि बायकांशी वेगळं बसा. एका फेरीत काम उरकू नका: शेवळं ही रानभाजी पहिल्या पावसात येते, टाकळा-कुर्डू या भाज्या त्यानंतर, आणि बियाण्याची गाडगी सुगीनंतरच उघडतात.

प्रत्येक वनस्पतीची सगळी स्थानिक नावं, कोणता भाग, कधी, कोण आणतं, कसं रांधतात, पूर्वीपेक्षा कमी झाली का, हे लिहा. पान, फूल, फळ यांचे फोटो काढा. शास्त्रीय नाव वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांकडून तपासून घ्या. 'शेवळं – भाजी' एवढीच नोंद अपुरी आहे. शेवळं घशाला खाजतात; ती खाज काढायला काकड या झाडाची फळं किंवा चिंच घालतात. खरं ज्ञान इथे आहे, आणि ते बहुतेक बायकांकडेच असतं. शेजारच्या गावाची वही उतरवून काढली की नेमकं हेच गळतं.

औषधी माहिती लिहिण्याआधी सांगणारीची संमती घ्या, लिहिलेलं तिला वाचून दाखवा. तिला नको असेल तर लिहू नका. गोपनीय भाग वेगळा ठेवा, दुर्मिळ वनस्पतीची नेमकी जागा उघड करू नका.

मसुदा आधी महिला सभेत वाचा, मग ग्रामसभेत. जैवविविधता कायद्याच्या कलम ४१नुसार समितीला आपल्या हद्दीतून व्यापारासाठी जैविक संसाधनं नेणाऱ्यांकडून शुल्क घेता येतं. ते कशावर आणि किती, हेही त्याच महिला सभेत ठरवायला घ्या.